उपमा आणि तिची मर्यादा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



महोत्सवाच्या कार्यक्रमात एका व्याख्यानास जागा असावी असे चालकांनी ठरविले, आणि विषय निवडण्याचे काम मजवरच सोपविले. पुष्कळ विचारांती मी ‘उपमा’ हा विषय घेतला आहे. अलंकारशास्त्रातील हा धडा शाळेत शोभेल, देवमंदिराच्या अंगणात तो कशाला, अशी शंका कोणास आली तर ती रास्तच म्हणावी लागेल. परंतु आजच्या उत्सवाचे नावच पाहा. पंचवीस वर्षे झाली म्हणजे आपण रौप्यमहोत्सव म्हणतो, पन्नास झाली म्हणजे सुवर्णमहोत्सव. वर्षांस चांदीचे वजन नाही की सोन्याची कांती नाही. अधिक वर्षांचे मोल अधिक, एवढ्या एकाच साम्यावर ही नावे पडली आहेत. ‘ज्युबिली’ हा परकीय शब्द घेतला तरी तीच गोष्ट. त्याचे मूळ हिब्रू ‘योबेल’, म्हणजे मेंढ्याचे शिंग. पन्नासावे वर्ष आले की हे शिंग फुंकून देशभर मुक्तता पुकारावी, विकलेली जमीन मूळच्या घराण्यास परत द्यावी, दासांस मोकळे करावे, अशी आज्ञा लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. शिंगाचे नाव वर्षास मिळाले. १३०० साली पोप आठवे बोनिफास यांनी रोम नगरीत पहिले पवित्र वर्ष पाळले तेव्हा तीच कल्पना ख्रिस्तसभेने उचलली. आणि आज ते नाव आपल्या या मांडवापर्यंत येऊन पोचले. असा प्रवास उपमेच्या वाहनावाचून झाला नसता.

आपण ज्या मुलखात आहोत त्या मुलखाकडे डोळे वर करून पाहिले तरी हेच दिसते. भोर आणि वेल्हे हा डोंगरांचा प्रदेश आहे. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे, आणि त्या गडाच्या सुवेळा माचीवर एका प्रचंड खडकास आरपार भोक पडलेले आहे. त्यास लोक ‘नेढे’ म्हणतात. सुईचे नेढे प्रत्येक घरात. त्यावरून डोंगराच्या भोकास नाव पडले. तोरण्यावर एक सुळका पालथ्या घातलेल्या बुधल्यासारखा दिसतो. म्हणून ती बुधला माची. तेलातुपाचा बुधला आता घरांतून नाहीसा झाला, परंतु डोंगराने त्याची आठवण ठेवली आहे. ज्या गावकऱ्यांनी ही नावे दिली त्यांनी अलंकारशास्त्र वाचले असेल असे नव्हे. नवी वस्तू दिसली की ओळखीच्या वस्तूशी ती ताडून पाहावी, ही मनुष्याच्या बुद्धीची पहिली चाल आहे. लहान मूल याच मार्गाने शिकते, आणि महापंडितही याच मार्गाने शिकतो.

आता या चालीचे अंग थोडे उकलून पाहू. आपल्या शास्त्रकारांनी उपमेचे चार घटक सांगितले आहेत: जिचे वर्णन करावयाचे ती वस्तू म्हणजे उपमेय, जिच्याशी तुलना करावयाची ती उपमान, दोहींत जो गुण समान असतो तो साधारण धर्म, आणि ‘सारखा’, ‘जणू’, ‘तद्वत्’ असा एखादा साम्यवाचक शब्द. ‘मुलाचा चेहरा चंद्रासारखा आल्हाददायक आहे’ या वाक्यात चारही घटक आहेत. परंतु नित्याच्या बोलण्यात आपण ‘चेहरा चंद्रासारखा’ एवढेच म्हणतो आणि तो समान गुण ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरून घ्यावा असे गृहीत धरतो. बहुधा तो नीट भरतो. पण चंद्रावर डाग आहे, चंद्र कलेकलेने क्षीणही होतो. कोणी भलताच गुण उचलला तर स्तुतीची निंदा व्हावयास वेळ लागत नाही. म्हणून जुने लोक म्हणत आले की, दृष्टांत एकदेशी असतो. तो वस्तूच्या एका अंगास लागतो, सर्वांगास लागत नाही. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढील सर्व याच वचनाचा विस्तार समजावा.

प्रथम वाङ्मय घेऊ. मराठी वाङ्मयाचा पायाच उपमा-दृष्टांतांवर उभा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत एकेका तत्त्वासाठी दृष्टांतांची रांगच्या रांग उभी राहते. एका दृष्टांताने जो कोपरा अंधारात राहिला त्यावर दुसऱ्याने उजेड पडतो, हे त्या रांगेचे रहस्य होय. त्याच शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथाच्या केसोबासांनी श्रीचक्रधरांचे दृष्टांत ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात संकलित केले. त्याची मांडणी आपण मुद्दाम ध्यानात घ्यावी. आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचे वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट सिद्धांतास नेमकी कोठे लागते त्याचा खुलासा. हे तिसरे अंग फार महत्त्वाचे आहे. गोष्ट सांगून श्रोत्यास वाटेत सोडून द्यावयाचे नाही, हा त्यातला विवेक. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची कथाही त्या ग्रंथात आहे. एक म्हणतो हत्ती खांबासारखा, दुसरा म्हणतो सुपासारखा. पाय खांबासारखा असतोच आणि कान सुपासारखा असतोच. एकाचेही म्हणणे खोटे नाही. चूक झाली ती एका अंगाचे साम्य सबंध हत्तीवर चढविण्यात.

आपल्या ख्रिस्ती मराठीचा आरंभही उपमेच्या सोबतीनेच झाला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, साष्टीच्या लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. त्यात त्यांनी मराठीची जी थोरवी गायिली आहे ती शाळेतील मुलांसही ठाऊक असते. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा एकेका वर्गातून सर्वश्रेष्ठ वस्तू निवडावी आणि भाषांच्या वर्गात तेच स्थान मराठीस द्यावे, अशी त्या स्तुतीची रचना आहे. हजारो कोस दूर जन्मलेल्या मनुष्याने परक्या भाषेवरचे प्रेम त्याच भाषेच्या अलंकारांनी सांगितले, यापरते मोठे प्रमाणपत्र मराठीस कोणते हवे?

परंतु फादर स्टीफन्स यांचे धाडस याहून मोठे आहे. स्वर्गास त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले, आणि ख्रिस्तचरित्रास ‘पुराण’. पूर्वीची पुराणे सोडून आलेल्या लोकांस वाचावयास काही हवे होते. ऐकणाऱ्याच्या मनात अत्युच्च आनंदाच्या जागेसाठी जो शब्द तयार होता तोच त्यांनी घेतला. येथे उपमा केवळ दागिना राहिलेली नाही. दोन संस्कृतींमधला तो पूल आहे. त्याबरोबर धोकाही आहेच, कारण शब्दासोबत जुना अर्थही चालत येतो. फादरांनी त्यावर उपाय योजिला तो असा की, शब्द जुना घेतला, पण त्याभोवती प्रभूच्या जन्माची, मरणाची व पुनरुत्थानाची सबंध कथा उभी केली आणि त्या कथेने शब्दास नवा अर्थ दिला. दृष्टांतपाठाच्या तिसऱ्या अंगाशी हे काम मिळतेजुळते आहे. पुढे १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी मराठी कॅथलिकांसाठी मासिक काढले, त्याचे ‘निरोप्या’ हे नावही असेच एक रूपक आहे.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. प्रभू येशूने शिकविताना दृष्टांतांचा किती वापर केला हे आपणास सांगावयास नको. पेरणारा, मोहरीचा दाणा, खमीर, समुद्रात टाकलेले जाळे, हरवलेले मेंढरू ही सारी उपमाने गालीलच्या शेतातून, स्वयंपाकघरातून व किनाऱ्यावरून उचललेली. पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगून झाल्यावर प्रभूने शिष्यांस त्याचा अर्थ एकेक करून सांगितला, हे मत्तयच्या तेराव्या अध्यायात आहे. म्हणजे दार्ष्टान्तिक तेथेही आहेच.

हा दृष्टांत भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याने कसा ऐकावा, ते पाहू. येथील डोंगराकडच्या भागात भात हे मुख्य पीक. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, त्या जागी रोप टाकावयाचे, तरवा वीतभर झाला की खाचरात चिखल करून त्याची लावणी करावयाची. पूर्वेकडच्या कोरडवाहू रानात चाड्यावर मूठ धरून पाभरीने बी तासात सोडावयाचे. दोन्ही रीतींत बियाण्याचा दाणा वाया जाऊ नये म्हणून केवढी दक्षता! अशा शेतकऱ्यास ‘काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर पडले, काही काटेरी झुडपांत पडले’ असे सांगितले तर तो मनात म्हणेल, हा कसला पेरणारा? घरी याला कोणी काही बोलत नाही काय?

येथे शिकविणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. एक, त्या देशी बी हाताने फेकून पेरीत, हे सांगावे. दुसरे, साधारण धर्म कोठे आहे ते दाखवावे. प्रभूने केलेल्या खुलाशात पेरणाऱ्याच्या कसबाचा विचारच नाही, भूमीचा आहे. एकच बी, चार प्रकारची जमीन. एकच वचन, चार प्रकारची मने. कातळावरचा मातीचा पातळ थर पहिल्या पावसात हिरवा होतो आणि उघडीप पडताच करपतो, हे येथील शेतकऱ्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही. उपमेचे हे अंग त्यास गालीलच्या शेतकऱ्याइतकेच जवळचे आहे. आता कोणी म्हणेल की, वाटेवरसुद्धा बी टाकणारा तो पेरणारा परमेश्वराची उधळी उदारता दाखवितो. विचार सुंदर आहे. पण शुभवर्तमानातील खुलाशात तो नाही. म्हणून तो मननासाठी घ्यावा, सिद्धांत म्हणून सांगू नये. एवढे तारतम्य राखले म्हणजे झाले.

मोहरीच्या दाण्याचेही तसेच. हा दाणा सर्व बियांत लहान म्हटला आहे. आमच्या घरातील राजगिरा मोहरीहून बारीक असतो, खसखसही बारीक असते. मग वचन खोटे पडले काय? मुळीच नाही. प्रभू वनस्पतिशास्त्राचा पाठ देत नव्हते. ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात मोहरी हे लहानपणाचे माप होते, जसे आपण ‘तिळाएवढे’ म्हणतो. लहान आरंभ आणि मोठी वाढ, हा साधारण धर्म. राजगिऱ्याने त्यास बाध येत नाही.

तिसरे उदाहरण सुईच्या नेढ्याचे. धनवानाचा स्वर्गराज्यात प्रवेश होणे हे उंट सुईच्या नेढ्यातून जाण्याहून कठीण, असे प्रभू म्हणाले. हे ऐकून शिष्य थक्क झाले. पुढच्या काळी काहींनी हे वचन सौम्य करण्यासाठी एक गोष्ट रचली की, यरुशलेमच्या तटास ‘सुईचे नेढे’ नावाचा एक लहान दरवाजा होता. उंटाने ओझे उतरविले आणि गुडघे टेकले तर त्यातून जाता येत असे. अशा दरवाजाचा प्रभूच्या काळातला कोणताही पुरावा मिळालेला नाही. तरी ही गोष्ट प्रवचनांतून अजून ऐकू येते, कारण श्रीमंतास ती सोयीची आहे. आपल्या मुलखात तर हा घोटाळा आणखी सुलभ आहे. राजगडाच्या नेढ्यात चढून माणसे खुशाल बसतात. कोणी म्हणाला की, नेढे एवढे मोठे असेल तर उंटाचे काय अडले, तर हशा पिकेल. परंतु नाव एक असल्यामुळे वस्तू एक होत नाही. घरातल्या सुईवरून डोंगरास नाव आले. डोंगराचे आकारमान सुईस परत देता येत नाही. उपमेची वाट एकेरी असते. प्रभूचे वचन कठोर आहे ते कठोरच राहू द्यावे. मनुष्यास जे अशक्य ते देवास शक्य आहे, हा दिलासा त्याच ठिकाणी दिलेला आहे. खोट्या दरवाजाची गरज नाही.

वाङ्मय व धर्मशिक्षण यांनंतर तर्काचा विचार करू. आपल्या नैयायिकांनी उपमान हे ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानले. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. नागरिकाने गवय नावाचे रानजनावर पाहिलेले नसते. वनवासी त्यास सांगतो, ‘गवय गाईसारखा असतो.’ पुढे तो रानात जातो, गाईसारखे पण गाय नव्हे असे जनावर पाहतो आणि म्हणतो, हाच गवय. वैशेषिकांनी यास वेगळे प्रमाण मानले नाही, त्याचा समावेश अनुमानात केला. तो वाद येथे नको. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, वनवाशाच्या शब्दाने काम पुरे झाले नाही; नागरिकास रानात जाऊन डोळ्यांनी पाहावे लागले.

अनुमानातही उदाहरणास मानाचे स्थान आहे. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच. म्हणून तेथे अग्नी आहे. वैशाखात राब भाजतात तेव्हा वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर हे अनुमान अचूक ठरते. परंतु श्रावणात त्याच उतारांवरून धुके वर चढते आणि लांबून ते धुरासारखेच दिसते. ‘आग लागली’ म्हणून घागरी घेऊन धावणाऱ्याचा तर्क आकाराने बरोबर आहे, पण त्याने धुक्यास धूर मानले. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, या म्हणीत शास्त्रकारांच्या हेत्वाभासाचे निम्मे प्रकरण आले आहे.

साम्यावरून निघालेला विचार योग्य रीतीने कसा वापरावा, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. लेओपोल्ड आऊएनब्रुगर हा ऑस्ट्रियातील वैद्य ग्रात्स येथील एका खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य कोठवर आहे ते वरून ठोकून आवाजावरून ओळखण्याची रीत त्याने घरी पाहिली असावी, असे सांगतात. आपल्याकडेही मडके घेताना बोटाने वाजवून पाहतातच. रोग्याची छाती अशीच ठोकून पाहिली तर आत पाणी झाले आहे की काय हे कळेल, अशी त्याची कल्पना. येथवर ती केवळ उपमा होती. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मृतदेहांच्या छातीत द्रव भरून आवाजातील फरक तपासला, रोग्यांची निरीक्षणे पडताळली, आणि मग १७६१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही डॉक्टर छातीवर बोट ठेवून ठोकतात ती ही विद्या. उपमेने दार दाखविले, आत जाऊन पाहण्याचे श्रम मात्र त्याने स्वतः केले.

आपल्या म्हणींचेही असेच आहे. म्हण म्हणजे तयार दृष्टांत. ‘खाण तशी माती’ असे म्हणून आपण एखाद्या मुलाची परीक्षा त्याच्या बापावरून करतो. आणि दुसऱ्याच क्षणी, सोयीचे असेल तर, ‘चिखलात कमळ उगवते’ असेही म्हणतो. दोन्ही वचने माणसाला लागू करताना पुरावा कोणताच नसतो. मूल हे माती नव्हे आणि कमळही नव्हे. तेव्हा शाळेच्या प्रवेशाच्या वेळी, सोयरीक जुळविताना, किंवा संस्थेत कोणास काम सोपविताना म्हणीवर निकाल देऊ नये. त्या मुलाला, त्या माणसाला पाहून निकाल द्यावा.

आता सर्वांत नाजूक भाग. परमेश्वराविषयी आपण जे जे बोलतो ते सारे उपमेनेच बोलतो, कारण आपले शब्द सृष्ट वस्तूंसाठी घडलेले आहेत. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात याचा सूक्ष्म विचार केला. त्यांचे उदाहरण मराठीत उत्तम उतरते. आपण ‘निरोगी माणूस’ म्हणतो आणि ‘निरोगी हवा’ही म्हणतो. हवेस रोग होत नाही. ती आरोग्यास कारण होते म्हणून तिला तो शब्द. अर्थ अगदी एक नाही, अगदी भिन्नही नाही; दोहोंत नाते आहे. देव चांगला आहे आणि अमुक मनुष्य चांगला आहे, या दोन वाक्यांतील ‘चांगला’ असाच नात्याने जोडलेला आहे. आणि १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने मर्यादेची रेघही आखून दिली: निर्माणकर्ता व निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखविले तरी त्याहून मोठा भेद मानलाच पाहिजे. ‘दृष्टांत एकदेशी’ हे आपले वचन आणि हा ठराव यांनी एकमेकांस ओळखले असते.

ही गोष्ट पंडितांपुरती नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना आपण रोज म्हणतो. ज्या घरी बाप दारू पिऊन येतो, हात उगारतो, मजुरीचे पैसे उडवून मोकळा होतो, त्या घरचे लेकरू ‘बाप’ म्हणताना मनात काय आणीत असेल? त्याला उपमान उलट्या बाजूने लागू होते. आपल्या बापावरून ते देवास जोखते. अशा लेकरास हे सांगणे आपले कर्तव्य आहे की, बाळा, तुझ्या बापासारखा देव नव्हे. बापाने देवासारखे व्हावयास हवे होते, ते झाले नाही. आणि धर्मशास्त्राने एकाच उपमेवर भिस्त ठेवलेलीही नाही. यशयाच्या ग्रंथात देव लेकराचे सांत्वन करणाऱ्या आईसारखा आहे. प्रभू येशूने स्वतःस पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. विठ्ठलाला आणि ज्ञानदेवांना ‘माउली’ म्हणणाऱ्या महाराष्ट्रास हे समजावून द्यावयास वेळ लागणार नाही. एक उपमा जेथे टोचते तेथे दुसरी मलम होते.

शेवटी समाज. समाजास देहाची उपमा देण्याची रीत फार जुनी आहे. रोमचा इतिहासकार लिव्ही सांगतो की, ख्रिस्तपूर्व ४९४ साली रोमची सामान्य प्रजा रुसून नगराबाहेर गेली तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने तिला अवयव व पोट यांची गोष्ट सांगून परत आणिले. हातांनी, दातांनी पोटासाठी राबणे सोडले, आणि शेवटी सगळाच देह क्षीण झाला. तात्पर्य, सरदारवर्ग हे पोट, त्याच्यावर रागावू नका. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विराट पुरुषाचे मुख, बाहू, मांड्या व पाय यांच्याशी चार वर्णांचा संबंध सांगितला आहे. मूळ सूक्ताचा अभिप्राय काय, हा विद्वानांचा प्रश्न आहे. परंतु पुढे शतकानुशतके या उपमेचा उपयोग उच्चनीचता कायम करण्याकडे झाला, हे नाकारता येणार नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या कल्पनेस कडक प्रश्न विचारले, डॉ. आंबेडकर यांनी १९४६ साली शूद्रांच्या मूळाविषयीच्या आपल्या ग्रंथात या सूक्ताची चिकित्सा केली. त्यांच्या प्रश्नाचे मर्म आपल्या भाषेत असे मांडता येईल: देहाला अवयव असतात, समाजाला माणसे असतात, एवढे साम्य खरे, पण पायाचा मुलगा पायच होतो, हे कोणत्या साम्यावरून ठरले? आणि ज्यांस त्या देहात पायाचीही जागा दिली नाही, गावकुसाबाहेर ठेवले, ते कोणाचे अवयव? आपल्या महाराष्ट्रातील पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांच्या आजोबा-पणज्यांनी ही उपमा अंगावर सोसली आहे. त्यांना ती अलंकार म्हणून भेटली नाही. पाणवठ्यावर आणि शाळेच्या दाराशी भेटली.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तीच देहाची उपमा घेतली, आणि साधारण धर्मच बदलून टाकिला. अवयव पुष्कळ, देह एक. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही. जे अवयव अशक्त भासतात तेच अधिक आवश्यक. एक अवयव दुखला तर सगळे दुखतात. कोण वर, कोण खाली, या प्रश्नास तेथे जागाच ठेवलेली नाही. दुःख वाटून घेणे, हे त्या साम्याचे मर्म. एकच उपमान, एकाने त्याचा जिना केला, दुसऱ्याने घर केले.

मात्र, बंधुभगिनींनो, पौलाची उपमा ओठांवर असूनही आपल्या देशातील काही ख्रिस्ती मंडळींत जातीवार बैठका आणि जातीवार दफनभूमी राहिल्या, हे कटू सत्य आज आनंदाच्या दिवशीही झाकून ठेवू नये. म्हणजे उपमा चांगली निवडली एवढ्याने भागत नाही. ती जगावी लागते. आपल्या धर्मग्रामातील जो अवयव दुखतो आहे तो कोणता, हे आपणच शोधिले पाहिजे. कामासाठी शहरात गेलेल्या मुलांच्या मागे गावी एकटी राहिलेली म्हातारी. मिस्साला मागच्या बाकावर बसून मागच्या मागे निघून जाणारे नवे कुटुंब. ज्याच्याकडे सोयरीक करावयास अजून मन कचरते असे घर. या ठिकाणी दुखले असता आपल्यास दुखते काय? दुखत नसेल तर आपण एक देह आहोत, हे आपले म्हणणे म्हणजे श्रावणातले धुके; लांबून धूर वाटतो, पण त्यात ऊब नाही.

येथील मातीतलाच एक दृष्टांत मांडून मी आपली रजा घेतो. भाताचे रोप वाफ्यात दाट उगवते आणि दिसावयास मोठे सुंदर दिसते. पण तसेच तेथे ठेवले तर लोंबी भरत नाही. ते उपटावे लागते, मोकळ्या खाचरात लावावे लागते, आणि तेव्हा कोठे एका काडीचे अनेक फुटवे होतात. गेल्या पन्नास वर्षांत या धर्मग्रामाने जो तरवा वाढविला तो आता आपल्या वाफ्याबाहेर, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात, लावला गेला पाहिजे. या दृष्टांताचीही मर्यादा सांगून ठेवितो, नाही तर माझेच व्याख्यान मजवर उलटेल. रोपास दुसऱ्याचा हात लावतो. माणसाने आपल्या पायांनी चालत जावयाचे असते. तेवढे बळ आणि तेवढी बुद्धी दयाघन प्रभू आपणा सर्वांस देवो, आणि या धर्मग्रामाच्या पुढील पन्नास वर्षांस त्याचा आशीर्वाद लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपले भाषण संपवितो.